होम्स आणि त्यांच्यासमोरची माणसं

भाषणस्वातंत्र्याचा वाद कुठेही निघू दे, टीव्हीवरच्या चर्चेत किंवा चहाच्या टपरीवर, कुणीतरी ते उदाहरण काढतंच: भरल्या थिएटरात खोटंच ‘आग, आग’ ओरडायची मुभा कुणालाही नसते. मग समोरच्याला फारसं बोलता येत नाही. हे उदाहरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी मार्च 1919 मध्ये दिलं. ज्या खटल्यात दिलं त्यात ना थिएटर होतं, ना आग, ना चेंगराचेंगरी. चार्ल्स शेंक हा फिलाडेल्फियातला समाजवादी पक्षाचा चिटणीस. पहिल्या महायुद्धासाठी सुरू झालेल्या सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध त्याने पत्रकं छापली आणि भरतीला बोलावलेल्या तरुणांना टपालाने पाठवली. कायदा रद्द करण्याच्या अर्जावर सह्या करा, असं त्या पत्रकात सुचवलं होतं. शेंकची शिक्षा होम्स यांनी कायम केली आणि ती करताना ते थिएटर उभं केलं. शंभर वर्षांनंतर थिएटर सगळ्यांना माहीत आहे, शेंक जवळपास कुणालाच नाही.

होम्स यांचं बहुतेक सगळं असंच आपल्यापर्यंत पोचलं आहे. त्यांच्याइतकं नेमकं आणि धारदार इंग्रजी लिहिणारे न्यायाधीश फार थोडे झाले. त्यांचे कितीतरी निकाल दोन-तीन पानांत आटोपतात. त्यामुळे त्यांची वाक्यं खटल्यांतून सुटी झाली, वक्त्यांच्या भाषणांत शिरली, कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरली आणि ज्यांच्या आयुष्यावर ती बेतली ती माणसं मागे राहिली. या लेखाचा विषय असलेल्या, होम्स यांच्यावरच्या पुस्तकाच्या लेखकाने यावर साधा उपाय केला आहे. प्रत्येक निकालाकडे जाण्याआधी तो कुणाबद्दल होता, त्या माणसाचं पुढे काय झालं, ते सांगायचं आणि मगच होम्स काय म्हणाले ते मांडायचं. मराठीत परदेशी न्यायाधीशांवर जे तुरळक लिखाण झालं आहे त्यात ही पद्धत माझ्या पाहण्यात नाही.

ज्यांना होम्स अगदीच अनोळखी आहेत त्यांच्यासाठी थोडं त्यांच्याविषयी. जन्म बोस्टनचा, 8 मार्च 1841. वडील डॉक्टर आणि देशभर वाचले जाणारे लेखक-कवी. मुलाचं नावही तेच, त्यामुळे अर्धं आयुष्य थोरल्या होम्स यांचा मुलगा म्हणून ओळख सांगण्यात गेलं. हार्वर्डमध्ये असताना हा तरुण गुलामगिरीविरोधी चळवळीच्या बाजूचा होता. 1861 साली यादवी युद्ध पेटलं आणि विशीतच तो मॅसॅच्युसेट्सच्या 20व्या पलटणीत दाखल झाला. बॉल्स ब्लफला गोळी छातीतून गेली, अँटीटमला मानेतून, तिसरी टाचेत बसली. मित्र डोळ्यांदेखत मेले. तीन वर्षांनी घरी परतला तो दुसराच माणूस होता. ज्या ठाम विश्वासापायी आपण रणांगणावर गेलो तशाच ठाम विश्वासाने समोरचेही लढत होते, हे त्याने पाहिलं होतं. ‘मी बरोबरच आहे’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाविषयी त्याच्या मनात जो संशय बसला तो नव्वदीपर्यंत गेला नाही. होम्स यांच्या मृत्यूनंतर कपाटात युद्धातले दोन गणवेश सापडले. आपण ते युद्धात घातले होते आणि त्यांवरचे डाग आपल्याच रक्ताचे आहेत, अशी चिठ्ठी त्यांना टाचलेली होती.

युद्धानंतर वकिली, एका कायदेविषयक नियतकालिकाचं संपादन, आणि केंब्रिजमध्ये विल्यम जेम्स, चार्ल्स पर्स, चॉन्सी राइट अशा मंडळींबरोबर रात्री रंगणाऱ्या तात्त्विक गप्पा. अमेरिकी व्यवहारवादाचं मूळ याच बैठकांत शोधलं जातं. या परंपरेतले पुढचे मोठे तत्त्वज्ञ जॉन ड्युई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात त्यांचे विद्यार्थी होते आणि त्यांचं ऋण त्यांनी उघडपणे मानलं. होम्सनाही ड्युई वाचायला आवडत. म्हणजे मराठी वाचकाला हे घराणं वाटतं तितकं परकं नाही.

त्या काळी अमेरिकेत कायद्याकडे पाहण्याची जी रीत रूढ होती तिचे पुरोहित हार्वर्डच्या लॉ स्कूलचे प्रमुख क्रिस्टोफर लँगडेल. कायदा हे शास्त्र आहे, जुन्या निकालांतून मूलतत्त्वं वेचून काढावीत आणि नव्या खटल्याचं उत्तर त्यांतून तर्काने काढावं, अशी त्यांची शिकवण. होम्स यांनी चाळिशी पुरी व्हायच्या तोंडावर, 1881 साली, ‘द कॉमन लॉ’ हा ग्रंथ लिहून या इमारतीच्या पायावरच घाव घातला. कायदा तर्कातून निघत नाही. त्या-त्या काळाच्या गरजा, समजुती, भीती आणि न्यायाधीशांचे पूर्वग्रहसुद्धा त्याला घडवतात, असं त्यांनी इंग्रजी कायद्याचा इतिहास उकलून दाखवलं. पुढे 1897 मध्ये बोस्टनच्या एका व्याख्यानात ते आणखी पुढे गेले. कायदा खरा काय आहे हे कळायचं असेल तर सज्जनाच्या नजरेने बघू नका, ज्याला फक्त शिक्षा चुकवायची आहे अशा बेरक्या माणसाच्या नजरेने बघा. कोर्ट प्रत्यक्षात काय करील याचा अंदाज म्हणजे कायदा. हे आज आपल्याकडचा कुठलाही अनुभवी वकील पक्षकाराला पहिल्या भेटीत सांगेल. तेव्हा ते खळबळजनक होतं.

न्यायाधीश म्हणून त्यांची कारकीर्द अर्धशतकाची. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात वीस वर्षं, शेवटी तिथले मुख्य न्यायमूर्ती. 1902 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना देशाच्या सुप्रीम कोर्टावर नेमलं आणि जानेवारी 1932 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, ते निवृत्त झाले. इतक्या वयापर्यंत त्या कोर्टावर बसलेला दुसरा न्यायमूर्ती आजवर झालेला नाही. बाकीचा तपशील पुस्तकात आहे. इथे त्यांच्या कीर्तीच्या मुळाशी असलेल्या खटल्याकडे वळू.

न्यू यॉर्क राज्याने कायदा केला की बेकरीत कामगाराला दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. युटिका गावचा बेकरीमालक जोसेफ लॉकनर याला दंड झाला आणि तो सुप्रीम कोर्टात गेला. 1905 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टाने कायदाच रद्द केला. मालक आणि कामगार यांच्या करारस्वातंत्र्यात सरकारने नाक खुपसू नये म्हणे. होम्स यांनी अल्पमतात दोन पानं लिहिली. राज्यघटना कुठल्याही एका अर्थशास्त्राची बटीक नाही. बहुमताला आपली मतं कायद्यात उतरवायचा हक्क आहे, न्यायाधीशाला ती पटोत न पटोत. तीस वर्षांनी हेच मत देशाचा कायदा झालं आणि फ्रँकलिन रूझवेल्टच्या ‘न्यू डील’ला वाट मिळाली. होम्स पुरोगाम्यांचे दैवत बनले.

पण त्याच खटल्यात न्यायमूर्ती हार्लन यांनीही विरोधी मत लिहिलं होतं. भट्टीच्या धगीत रात्रभर उभं राहून पिठाची धूळ छातीत जाते, बेकरी कामगार लवकर म्हातारे होतात, याचे वैद्यकीय दाखले त्यांनी दिले. होम्स यांच्या दोन पानांत बेकरी कामगार कुठेच नाही. असल्या सुधारणांनी काही साधेल असं त्यांना खासगीत वाटतही नव्हतं. लोकांना खड्ड्यात जायचं असेल तर जाऊ द्यावं, आपलं काम त्यांना अडवायचं नाही, अशी त्यांची वृत्ती होती. हार्लन आज कायद्याचे विद्यार्थी ओझरते वाचतात, होम्स पाठ करतात. मला यात काहीतरी फार चुकतंय असं वाटत आलं आहे.

बहुमताला मोकळीक देण्याच्या या तत्त्वाची दुसरी बाजू पाहायची तर अलाबामात जावं लागतं. जॅक्सन गाइल्स हा मॉन्टगोमेरीचा कृष्णवर्णीय नागरिक वर्षानुवर्षं मतदान करत आला होता. 1901 च्या नव्या राज्यघटनेने त्याच्यासारख्या हजारोंची नावं मतदारयादीबाहेर ठेवली. 1903 मध्ये होम्स यांनी बहुमताचा निकाल लिहिला: सगळी यादीच जर लबाडीची असेल तर तिच्यात आणखी एक नाव घालून लबाडी कशी दूर होईल? आणि गोऱ्या बहुसंख्याकांनी ठरवलंच असेल तर कोर्टाच्या कागदाने काय होणार. राजकीय मार्गाने दाद मागा. ज्याचा मताधिकारच काढून घेतला त्याला राजकारणाचा रस्ता दाखवला. लेखकाने या निकालाचं वर्णन ‘वास्तवाची कटू कबुली’ असं केलं आहे. माझं त्यांच्याशी इथे जमत नाही. याच खटल्यात तीन न्यायमूर्तींनी विरोधी मत दिलं होतं, म्हणजे दुसरी वाट त्या काळातही दिसत होती.

1911 चा बेली खटला मराठी वाचकाला विशेष ओळखीचा वाटेल. अलोन्झो बेली या शेतमजुराने वर्षभराच्या कामाचा करार करून पंधरा डॉलर उचल घेतली. महिन्याचा पगार बारा डॉलर, त्यातून सव्वा डॉलर उचलीपोटी कापून घ्यायचे. महिनाभर राबून तो काम सोडून गेला. अलाबामाच्या कायद्याने उचल न फेडता काम सोडणं हाच फसवणुकीचा पुरावा धरला; आपला हेतू काय होता हे त्याला स्वतःला साक्षीत सांगायलाही बंदी. दंड भरला नाही तर 136 दिवसांची सक्तमजुरी. सुप्रीम कोर्टाच्या बहुमताने ही वेठबिगारी ओळखली आणि कायदा मोडीत काढला. होम्स विरोधात गेले: करार मोडणं वाईट, मग राज्याने त्याला शिक्षा ठेवली तर बिघडलं काय? ऊसतोडीच्या उचलीचा हिशेब ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना बहुमताची बाजू समजावून सांगावी लागणार नाही.

मग ज्यांच्यामुळे होम्स आज जगभर आदराने वाचले जातात ते निकाल कुठले? ते 1919 च्या नोव्हेंबरपासूनचे. रशियातून आलेल्या काही ज्यू अराजकवादी तरुणांनी ऑगस्ट 1918 मध्ये न्यू यॉर्कच्या एका इमारतीच्या खिडकीतून पत्रकं खाली भिरकावली, काही इंग्रजीत, काही यिद्दिशमध्ये. अमेरिकेने रशियात सैन्य पाठवू नये असं त्यांचं म्हणणं. जेकब अब्राम्स आणि त्याच्या दोन साथीदारांना वीस वर्षं, विशीतल्या मॉली स्टाइमरला पंधरा वर्षं शिक्षा झाली. सुप्रीम कोर्टाने ती सात विरुद्ध दोन मतांनी कायम केली. होम्स यांचं विरोधी मत जाहीर व्हायच्या आधी तीन सहकारी न्यायमूर्ती त्यांच्या घरी गेले आणि देशाच्या सुरक्षेसाठी ते मागे घ्या अशी त्यांनी गळ घातली. होम्स यांच्या पत्नी फॅनी यांनीही तेच सांगितलं. होम्स यांनी नम्रपणे नकार दिला.

त्या मतात त्यांनी मांडलं ते असं. ज्या विश्वासांसाठी माणसं लढली त्यांतले कितीतरी काळाने उलथवले आहेत. तेव्हा एखादा विचार खरा की खोटा हे ठरवायचं तर त्याला इतर विचारांच्या स्पर्धेत उतरू द्यावं. राज्यघटना हा स्वतःच एक प्रयोग आहे. घृणास्पद वाटणाऱ्या मतालाही, तातडीचं संकट उभं राहत नाही तोवर, बोलू द्यावं लागेल. अँटीटमच्या जखमी सैनिकाचा संशय इथे कामी आला. पत्रकं काढणाऱ्यांना मात्र त्यांनी याच मतात क्षुल्लक, अनोळखी माणसं म्हणून उल्लेखलं, हे विसरू नये.

मार्चमधल्या शेंक निकालापासून नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत या माणसाचं मत कसं बदललं, यावर अमेरिकेत मोठं लिखाण झालं आहे. न्यायाधीश लर्नेड हँड यांनी पत्रांतून वाद घातला, प्राध्यापक झकारिया चेफी यांनी लेख लिहून टीका केली, होम्स यांचे तरुण मित्र हॅरल्ड लास्की यांनी चेफींची आणि होम्स यांची चहावर गाठ घालून दिली. लेखकाचं हे प्रकरण पुस्तकातलं सर्वांत सरस. त्यांनी एका गोष्टीवर बोट ठेवलं आहे: त्याच सुमारास बोस्टनच्या पोलिसांच्या संपाला पाठिंबा दिल्यावरून तरुण लास्कींवर हार्वर्डमध्ये झोड उठली होती. मतासाठी माणसाला कसं चिरडतात हे होम्स पहिल्यांदाच आपल्या जिवलगाच्या बाबतीत पाहत होते. मला हे पटतं. ओळखीचा चेहरा समोर आला तेव्हा त्यांचं तत्त्व रुंदावलं.

कॅरी बकचा चेहरा त्यांच्यासमोर कधी आला नाही. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलची ही मुलगी. आईला ‘मंदबुद्धी’ ठरवून सरकारी वसाहतीत ठेवलेलं, कॅरी दुसऱ्या कुटुंबात वाढली. तिच्या शिक्षिकेने वर्तन आणि अभ्यास दोन्ही उत्तम असा शेरा दिला होता. सहावीनंतर त्या कुटुंबाने तिला शाळेतून काढून घरकामाला लावलं. सतराव्या वर्षी ती गरोदर राहिली. आपल्यावर त्या कुटुंबातल्या नातेवाइकाने बलात्कार केला, असं तिने पुढे सांगितलं. कुटुंबाने तिलाही आईच्याच वसाहतीत धाडलं. 1924 साली व्हर्जिनियाने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि तो कोर्टात टिकतो का हे पाहायला कॅरीचा खटला उभा करण्यात आला. तिचा वकील हा त्याच वसाहतीचा माजी संचालक आणि सरकारी वकिलाचा जुना मित्र. त्याने तिच्या बाजूने एकही साक्षीदार बोलावला नाही. सुप्रजननाचा एक मोठा तज्ज्ञ तिला न भेटताच तिच्या घराण्याविषयी साक्ष लिहून मोकळा झाला. सात-आठ महिन्यांच्या तान्ह्या व्हिव्हियनबद्दल एका समाजसेविकेने सांगितलं की पोर काहीशी वेगळी दिसते. तिसरी पिढीही मंदबुद्धी, हे एवढ्यावर सिद्ध झालं.

2 मे 1927 रोजी आठ विरुद्ध एक मतांनी निकाल लागला. होम्स यांनी लिहिलेली तीन पानं. देश जर उत्तमातल्या उत्तम नागरिकांचे प्राण युद्धात मागू शकतो, तर जे आधीच समाजावर भार आहेत त्यांच्याकडून एवढा लहानसा त्याग का मागू नये? अशा तीन पिढ्या पुरे झाल्या, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. एकट्या न्यायमूर्ती पिअर्स बटलर यांनी विरोध नोंदवला, कारण न देता. ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. कॅरीच्या धाकट्या बहिणीचीही केली गेली, तिला अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. मूल का होत नाही हे तिला म्हातारपणी कळलं. व्हिव्हियन शाळेत गुणवंतांच्या यादीत आली आणि आठव्या वर्षी आजारात वारली. एकट्या व्हर्जिनियात आठ हजारांच्या आसपास माणसांची अशी नसबंदी झाली. न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या बचावातही या निकालाचा दाखला दिला गेला.

हे आपल्यापासून लांबचं आहे असं मराठी वाचकाने समजू नये. आणीबाणीत, 1976 साली, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमत करणारं विधिमंडळ महाराष्ट्राचं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली आणि कार्यकर्त्यांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. तेव्हा त्या शस्त्रक्रियांच्या समर्थनार्थ सुशिक्षित लोक जे बोलत होते त्यात मुलींच्या सोयीपेक्षा सांभाळणाऱ्यांची सोय जास्त होती. 2009 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने चंडीगढच्या एका खटल्यात मतिमंद स्त्रीच्या संमतीविना गर्भपात करता येणार नाही असं ठरवलं आणि सुप्रजननाच्या जुन्या विचाराला नाव घेऊन फटकारलं.

आपल्या राज्यघटनेतही होम्स आडवाटेने आले आहेत. घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव 1947 मध्ये अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. फ्रँकफर्टर हे होम्स यांचे परमभक्त. कायदेमंडळाचं काम न्यायाधीशांच्या हाती जाईल, तेव्हा ‘ड्यू प्रोसेस’ची, म्हणजे न्याय्य प्रक्रियेची, तरतूद घेऊ नका, असा सल्ला त्यांनी दिला. त्यानुसार अनुच्छेद 21 मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढंच उरलं. संविधान सभेत आंबेडकरांनी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचे धोके मांडले, आणि पुढे अटकेतल्या माणसाला निदान काही संरक्षण मिळावं म्हणून अनुच्छेद 22 आणला. मनेका गांधी खटल्यापर्यंत, म्हणजे 1978 पर्यंत, ही पोकळी आपण भोगली.

याउलट 2012 च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरापायी अटक झाली, त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ ला आव्हान मिळालं, आणि 24 मार्च 2015 रोजी ते कलम रद्द करताना न्यायमूर्ती नरिमन यांनी ज्यांचा आधार घेतला त्यांत होम्स यांचं अब्राम्स खटल्यातलं मत होतं.

होम्स यांच्याकडे पाहण्याच्या तऱ्हा अमेरिकेतही सतत बदलत गेल्या. 1920 आणि 30 च्या दशकांत फ्रँकफर्टर-लास्की यांनी त्यांचा देव्हारा मांडला. कायदेविषयक वास्तववादी म्हणवणाऱ्या जेरोम फ्रँक, कार्ल लेवेलिन यांनी त्यांना आद्यगुरू मानलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कॅथलिक नैसर्गिक कायदावाद्यांनी उलटा आरोप केला: नीतीपासून कायदा तोडला की हुकूमशाहीला दार उघडतं. 1969 च्या ब्रँडनबर्ग निकालाने भाषणस्वातंत्र्याच्या बाबतीत त्यांचं अल्पमत जवळजवळ पूर्ण स्वीकारलं. मग रिचर्ड पोझनरसारखे अर्थशास्त्रीय पंथाचे न्यायाधीश त्यांचे चाहते निघाले, तर 2000 साली आल्बर्ट अल्शूलर यांनी त्यांना मूल्यहीन ठरवणारं अख्खं पुस्तक लिहिलं. प्रत्येकाने आपल्याला हवा तो होम्स उचलला. भाषणस्वातंत्र्यवाला होम्स थोर आणि नसबंदीवाला होम्स काळाचा बळी, ही सोयीची वाटणी या पुस्तकाने केलेली नाही, हे मला त्याचं सर्वांत मोठं बळ वाटतं. दोन्ही निकाल एकाच संशयातून निघाले. कुणाचंच मत अंतिम नाही, म्हणून बोलू द्या. आणि कुणाचाच हक्क अंतिम नाही, म्हणून बहुमत म्हणेल ते होऊ द्या.

आज हे वाचायचं कारण उघड आहे. निवडून आलेल्या सरकारपुढे कोर्टाने कधी झुकावं आणि कधी ताठ उभं राहावं, हा वाद आपल्याकडे रोज चालू आहे आणि दोन्ही बाजूंना होम्स यांच्यात दारूगोळा सापडतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की पुस्तकाच्या परिशिष्टातले निकालांचे अनुवाद आधी वाचा, निदान बक विरुद्ध बेल हा कॅरीच्या खटल्याचा निकाल तरी. तीन पानं वाचायला दहा मिनिटं लागतील, आणि भाषेच्या ओघात तुमची मान एक-दोनदा डोलेलही. मग कॅरीवरचं प्रकरण काढा. अमेरिकी सुप्रीम कोर्टाने हा निकाल आजवर स्पष्ट शब्दांत रद्द ठरवलेला नाही, हे वाचताना ध्यानात असू द्या.